पहाटेचं पाणी

जून लागला की आमच्याकडच्या, गोव्यातल्या, मासळीबाजाराचा आवाज बसतो. ट्रॉलर धक्क्याला बांधलेले, १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद, आणि बाहेरून बर्फात येणारी मासळी घ्यावी तर २०१८ मधलं, मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावल्याच्या संशयाचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. मग नजर आपसूक रस्त्याकडेच्या पाट्यांकडे वळते. परवा फोंड्याहून घरी येताना वळणावरच्या वडाखाली एक बाई डोक्यावर निळं प्लास्टिक ताणून बसली होती. पाऊस थांबला होता, वडाचं ठिबकणं चालू होतं. समोर केळीच्या पानावर वाटे लावलेले. काळुंदरं, थोडे शेवटे, आणि कडेला घमेल्यात दोन मरळी, अजून जिवंत, मधूनच अंग वळवणाऱ्या. मी म्हटलं, "मरळ कशी दिली गो?" तिने भाव सांगितला आणि लगेच, माझ्याकडे न बघता, पुढे जोडलं, "न्हंयेंतली ती, बाय. तळ्यांतली न्हय." नदीतली आहे, तळ्यातली नव्हे.

मी तळ्याचं नावही काढलं नव्हतं.

मरळ घेतली. घरी वहिनीने राखेत घोळवून ती विळीवर धरली आणि पोट चिरल्याबरोबर तो वास आला. ओल्या गाळाचा, कुजत्या पानांचा, थेट आमच्या तळ्याचा. वहिनीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. दोघीही काही बोललो नाही. त्या वासाची आम्हाला सवय आहे, तो आमच्या लहानपणीही असायचा. पाण्यातली निळी-हिरवी शेवाळं आणि गाळातले काही जीवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, तो माशाच्या चरबीत मुरतो. पहिल्या पावसात मातीला जो गंध सुटतो त्यातही हाच असतो. आपलं नाक याच्या बाबतीत इतकं तिखट आहे की पाण्यात अब्जावा भाग असला तर तो भरपूरच झाला, त्याहूनही कितीतरी कमी ओळखू येतो. त्याने अपाय होत नाही, आणि आंबटापुढे त्याचा टिकाव लागत नाही. आजीला यातलं रसायन माहीत नव्हतं, पण तळ्याचा मासा ती मीठ-हळद लावून सोलांच्या, म्हणजे कोकमाच्या, दाट पाण्यात ठेवायची आणि मगच हुमणाला, आमच्या माशाच्या कालवणाला, हात घालायची. तेव्हा हा वास उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी आटत आल्यावर यायचा. आता तो बारमाही झाला आहे.

पण मला छळत राहिला तो वास नाही, ते वाक्य. आमच्या घरी कुणी तापातून उठलं की बाबा मुद्दाम "तळ्यातली मरळ" मिळते का बघायला जायचे. न्हंयेतली म्हणून कुणी खपवायला आणली तर लोक नाक मुरडायचे. तळ्याचं नाव हीच त्या माशाची पत होती. त्याच तळ्याचं नाव न विचारता नाकारायची वेळ त्या बाईवर आली, कारण तिला ठाऊक आहे की गिऱ्हाईक ते ऐकलं की उठून जाईल. तिच्यावर मी रागावू कशी? तिच्याजागी बसून मीही हेच म्हटलं असतं.

तळं आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, वरच्या अंगाला आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला बांध आणि बांधात मानस, म्हणजे पाणी अडवायचं-सोडायचं फळ्यांचं दार. पावसाळ्यात मानशीच्या फळ्या घालून पाणी अडवायचं, दिवाळीनंतर हळूहळू सोडून खालची वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती भिजवायची, पुढे कुळागरांना, माडा-पोफळीच्या बागांना, द्यायचं, आणि एप्रिल संपता संपता उरलेल्या पाण्यातले मासे धरायचे. धरण्याचा हक्क कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेची, पावणी (लिलाव) लागून जाई, पण शेवटचा दिवस सगळ्या गावाचा. त्या दिवशी आम्ही पोरं मांडीभर गाळात. गाळ वरून ऊन आणि आत थंडगार. पायाच्या बोटांना काहीतरी गुळगुळीत लागायचं, खाली वाकून दोन्ही हातांनी ते धरेपर्यंत ते दुसऱ्याच कुणाच्या पायाखाली गेलेलं असायचं. बायका रोवळ्या घेऊन कडेच्या उथळात पिटुकले मासे गाळायच्या. बांधावर वाटे पडायचे, आणि ज्या घरात धरायला कुणी नसेल त्या घरचा वाटा आधी बाजूला काढला जायचा. अंगावर वाळलेला चिखल रात्री न्हाणीत निघता निघत नसे. त्या गाळाची कुणाला किळस नव्हती. तो उचलून माडांच्या आळ्यांत घालायचे.

आज त्या गाळात मुलांना उतरवायला कुणाचंच मन होणार नाही, माझंही होत नाही. आणि तरी पंचायतीच्या फळ्यावर गेलं वर्षभर एक अहवाल लावलेला आहे, त्याच्या तळाशी शेरा आहे: जलचरांसाठी योग्य.

अहवाल खोटा नाही, हे आधी सांगते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे, त्याच्या सगळ्यांत चांगल्या उपयोगाप्रमाणे, 'ए' ते 'ई' असे पाच वर्ग केले आहेत. 'ए' म्हणजे निर्जंतुक करून पिण्याजोगं, 'बी' आंघोळीचं, 'सी' पूर्ण शुद्धीकरणानंतर पिण्याचं, 'ई' शेतीचं. मधला 'डी' हा वन्यजीव आणि मत्स्यसंवर्धनाचा. त्याच्या कसोट्या तीनच: पाण्याचा आम्ल-अल्कपणा सांगणारा पीएच ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅम किंवा जास्त, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅम किंवा कमी. आमच्या तळ्याचं पाणी तिन्हींत पास झालं आहे. प्राणवायू तर नऊच्या वर. माझी पुतणी पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करते. ती मेच्या सुट्टीत आली होती, तिने तो कागद वाचला आणि तिचं बोट आकड्यांवर न थांबता वरच्या कोपऱ्यात गेलं. नमुना घेतल्याची वेळ, सकाळी ११.४०. "आत्या, तीस अंशाच्या गोड्या पाण्यात हवेतून प्राणवायू मावतो तो साडेसातच्या आसपास," ती म्हणाली. "नऊ आलाय म्हणजे शेवाळ भर उन्हात कामाला लागलंय. आता हेच शेवाळ रात्री काय करतं ते बघायला हवं."

रात्री तेही श्वास घेतं. दिवसभर पाण्यात सोडलेला प्राणवायू अंधार पडल्यावर शेवाळ, मासे, गाळातले जीवाणू सगळे मिळून ओढू लागतात, आणि तो सगळ्यांत खाली जातो उजाडण्याच्या जरा आधी. माशाला चोवीस तासांपैकी तेवीस तास उत्तम पाणी मिळून उपयोग नाही. त्याचं जगणं-मरणं त्या एका तासावर ठरतं, आणि त्या तासाला नमुना घ्यायला सरकारी गाडी येत नाही.

आम्ही गेलो. यंदाची पावणी धाकट्या काकांनी घेतली आहे, त्यामुळे होडी त्यांचीच. काका वल्ही मारत होते, पुतणी मांडीवर बाटल्यांची पेटी धरून बसली होती, मी टॉर्च धरला होता. पाण्यावर वारा नव्हता. पुतणीने वजन बांधलेली बाटली दोरीने तळाशी सोडली आणि बुचाची दुसरी दोरी ओढली. खालून बुडबुडे वर आले तेव्हा काकांनी वल्हं थांबवून हात वर केला. ऐका, म्हणाले. ऐकलं. चारही बाजूंनी बारीक चप् चप् असा आवाज. टॉर्च फिरवला तर पृष्ठभागाला टेकलेली असंख्य लहान तोंडं उघडमीट करत होती. मासे पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरातून, जिथे हवा लागते तिथून, श्वास घेत होते. काकांना हे नवीन नव्हतं. ढगाळ दिवसानंतरच्या, वारा पडलेल्या रात्री ते झोपत नाहीत, बांधावर येऊन बसतात, आणि फारच तोंडं दिसायला लागली की मानशीची एक फळी काढून वरच्या झऱ्याचं पाणी खेळतं करतात. प्राणवायूचं यंत्र त्यांनी कधी हातात धरलेलं नाही. कुठल्या रात्री मासा मरेल हे त्यांना आधी कळतं, मी पाहिलं आहे.

घरी सोप्यावर पुतणीने मांडामांड केली. १८८८ साली लायोश विंकलर या हंगेरीतल्या रसायनशास्त्रज्ञाने काढलेली ही पद्धत अजून जगभर चालते. काचेची ३०० मिलिलिटरची बाटली, तिरकं तासलेलं काचेचंच बूच, आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. पिपेटने आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड. बूच लावून बाटली उलटी-सुलटी करायची आणि थांबायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर मँगनीज त्याच्याशी बांधला जातो आणि तपकिरी साका धरतो. नसेल तर साका पांढरा. आदल्या दुपारी वरवरच्या पाण्याची जी बाटली तिने केली होती तिच्यात गडद तपकिरी ढग उतरला होता, उसाच्या गुळापेक्षाही गडद. पहाटेच्या वरच्या पाण्यात तो फिकट पिवळसर आला. तळाच्या बाटलीत आम्ही तिघंही वाकून बघत होतो. साका आला, मोठमोठे कण हळूहळू खाली बसले, आणि ते पांढरे होते. जवळजवळ पूर्ण पांढरे. पुढे आम्ल घालून, थायोसल्फेटचे थेंब मोजून, स्टार्चची निळाई उडेपर्यंतची सगळी क्रिया तिने नीट केली आणि आकडाही काढला, पण तो ४ च्या किती खाली असणार ते आम्हाला त्याआधीच दिसलं होतं. काका बराच वेळ ती बाटली हातात धरून होते.

त्या एकाच दिवसात आमच्या तळ्याची अमोनियाची गोष्टही बदलते, आणि तीही अहवालात दिसत नाही. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक माशाला फारसा न बाधणारा आणि दुसरा कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरणारा. पीएच ७ च्या आसपास असेल तर विषारी रूप शंभरात एकही भरत नाही. पण दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच चढतो, आणि तो ९ वर गेला की तितक्याच अमोनियाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग विषारी होतो. म्हणजे दुपारी प्राणवायू भरपूर तेव्हा अमोनिया बोचतो, पहाटे अमोनिया मवाळ तेव्हा प्राणवायू नाही. अकरा-चाळीसला दोन्ही बरे दिसतात.

मग या पाण्यात जगतं कोण? मरळ. मांगूर. ज्यांना हवेतून श्वास घेता येतो असे. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवणारी पोकळी असते, ती वर येऊन घोट घेते आणि पुन्हा गाळात जाते. म्हणून ती त्या घमेल्यात, ओंजळभर पाण्यात, तासन् तास जिवंत होती. आणि तिलापिया, ज्याला जवळपास कशाचंच वावडं नाही. काकांच्या जाळ्यात आता हेच तीन येतात. मासे कमी झालेत असं कुणी म्हणू शकत नाही, वजनाने पाहिलं तर वाढलेच असतील. रोवळीत मावणारे ते पिटुकले चंदेरी मासे मात्र गेले. तळ्यात मासे आहेत म्हणून पाणी चांगलं, असं जेव्हा सभेत कुणी छातीठोक सांगतं तेव्हा मला ते रोवळीतले मासे आठवतात.

हे का झालं, त्याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. डोंगराच्या उतारावर पंधरा-वीस वर्षांत बंगले आणि फ्लॅट उभे राहिले. प्रत्येकाचा सेप्टिक टँक, प्रत्येकाचा सोक पिट, आणि खाली जांभा दगड. जांभ्याला अंगभर भोकं. चिऱ्याच्या खाणीत पावसाळ्यात उभं राहून बघा, भिंतीतून पाणी पाझरताना दिसतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि उताराच्या शेवटी आमचं तळं. साबणाचा आणि मैल्याचा फॉस्फरस, कुळागरांतलं खत, सगळं तिथेच येऊन थांबतं. त्यात रात्रीचे टँकर. कुणाचे ते मी लिहीत नाही, पण पहाटे बांधाच्या रस्त्यावर टायरच्या खुणा आणि काठाला दर्प असतो हे वाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गेल्या मार्चमध्ये वाऱ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात हिरवा ऑइल पेंट सांडल्यागत साय जमली होती. ती निळी-हिरवी शेवाळं. त्यातली काही विष तयार करतात, आणि ते विष उकळून जात नाही.

माझं आजोळ डिचोली तालुक्यात, तिथलं पाणी वेगळ्या रीतीने आजारी होतं. लहानपणी मामांकडे जायचं तर ट्रकांच्या धुळीतून जायचं आणि पावसात ओहोळ लाल. लोहखनिजाच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवरून उतरलेली माती शेतात, ओहोळात, तळ्यात. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. तळात बसलेला गाळ न्यायालयाच्या आदेशाने उठून जात नाही. पुतणीने पत्र्याच्या झाकणाला पांढऱ्या-काळ्या चौकटी रंगवून सेक्कीची तबकडी केली आहे. आंजेलो सेक्की हे रोममधले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ, त्यांनी १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून पाणी किती खोलवर नितळ आहे ते मोजलं. मासे वाढवायच्या तळ्यात ती एक-दीड फुटावर दिसेनाशी झाली तर बरं मानतात, कारण फार नितळ पाण्यात माशाला खायलाही काही नसतं. आजोळच्या तळ्यात आणि आमच्या तळ्यात ती सारख्याच खोलीला, वीतभरावर, नाहीशी झाली. आमच्याकडे ती हिरव्यात बुडाली, तिथे तांबड्यात. हिरवं पाणी निदान दिवसा तरी प्राणवायू देतं. तांबड्या गाळाने उजेडच खाली जात नाही, कल्ल्यांवर थर बसतो, आणि तळाशी घातलेली अंडी झाकली जाऊन मरतात. दोन्हीकडचा आकडा एकच, म्हणून मी आता नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवायला कचरते. तो घेताना माणूस तिथे उभा होता का आणि त्याने पाण्याकडे बघितलं का, हे आधी विचारते.

इथवर सगळं माशाच्या बाजूने झालं. वहिनीचा प्रश्न वेगळाच होता. विळी तशीच उभी ठेवून ती म्हणाली, "मासा जगेल की मरेल ते राहू दे. हे मुलांना वाढू का, ते सांग."

'डी' वर्गाच्या तीन कसोट्यांपैकी एकही तिच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. त्यात मैल्याची खूण असलेले कोलिफॉर्म जंतू नाहीत, शिसं नाही, कॅडमियम नाही, पारा नाही. आंघोळीच्या पाण्याला जंतूंची मर्यादा आहे, माशाच्या पाण्याला ती घातलेली नाही. जंतूंचं एक वेळ भागतं. ते कल्ल्यांत, कातडीवर, आतड्यात असतात, हुमणाला चांगली उकळी आली की मरतात. धोका राहतो तो चिरणाऱ्या हाताला आणि त्याच विळीवर नंतर चिरलेल्या काकडीला. धातूंचं तसं नाही. ते शिजत नाहीत. जिथे प्राणवायू संपतो, त्या पांढऱ्या साक्याच्या तळाशी, गाळात बांधून असलेलं लोह आणि मँगनीज सुटून पाण्यात येतं. गाळात पारा असला तर तिथलेच जीवाणू त्याचा मिथिल पारा करतात. तो पाण्यात शोधूनही सापडणार नाही इतका कमी असतो, शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहान माशातून मरळीत चढत जातो आणि वरच्या माशात लाखो पट होतो. जपानमधल्या मिनामाताच्या खाडीतले मासे लोक रोज खात होते, १९५६ मध्ये पाऱ्याचा तो आजार नोंदवला गेला तोवर. आमच्या तळ्यात पारा आहे असं मी म्हणत नाही. पण टाकून दिलेल्या बॅटऱ्या आणि ट्यूबलाइट काठच्या कचऱ्यात मी स्वतः बघितल्या आहेत, आणि पाणी तपासून याचं उत्तर मिळणार नाही, मासाच तपासावा लागेल. मांस वेगळं, काळीज (यकृत) वेगळं, कारण शेवाळाचं विष आणि धातू आधी तिथे साठतात.

त्या दिवशी मी वहिनीला सांगितलं की आतडी, काळीज सगळं काढून टाक, हात आणि विळी साबणाने धू, मुलांना आज नको. आम्ही मोठ्यांनी खाल्ली. सोलं नेहमीपेक्षा जास्त घातली होती. चव चांगली होती, आणि ती चांगली लागली याचं मला वाईट वाटलं.

काकांना हे कसं सांगायचं, हा घोर मला त्यानंतर लागला. पावणीचे पैसे त्यांनी कर्ज काढून भरले आहेत. तळ्यातला मासा खाऊ नका असं कुणी एकदा मोठ्याने म्हटलं की त्यांचं आणि त्या वडाखालच्या बाईचं काय होईल ते सांगायला नको. त्याहून मोठी भीती मला दुसरी आहे. ज्या तळ्यातलं कुणी खात नाही त्या तळ्याकडे पहाटे कुणी फिरकत नाही. टँकरच्या खुणा बघणारा माणूस जातो. मानस कुजते, जलपर्णी पसरते, आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं की हा डबका आता भरून टाका, इथे पार्किंग करू. कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, गोव्यातलं पहिलंच, बेचाळीस हेक्टर. मला त्याचा आनंद झाला तो पक्ष्यांसाठी, आणि त्याहून जास्त या गोष्टीसाठी की त्या तळ्याचं पाणी अडवून खालची भातशेती आणि मासेमारी चालते, हे त्याच्या नोंदीत लिहिलेलं आहे. करमळीचं तळं कोकण रेल्वेच्या खिडकीतून दिसतं, हिवाळ्यात बदकांनी भरलेलं, तेही मुळात मानशीने राखलेलं, शेतीचं आणि माशाचं तळं. ही तळी माणसांनी खाण्यासाठी बांधली आणि खात राहिले म्हणून राखली. आमचं तळं मला कुंपणाआड, 'मासेमारीस मनाई' अशा पाटीखाली सुरक्षित झालेलं नको आहे. त्यातला मासा नावानिशी विकता यावा, एवढं हवं आहे.

म्हणून पुतणीने आणि मी ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला. नमुने पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा घ्यावेत, वरचे आणि तळाचे, आणि कागदावर वेळ ठळक लिहावी. वर्षातून एकदा भागणार नाही: मे महिन्यात पाणी सगळ्यांत कमी असतं तेव्हा, जुलैत डोंगर धुऊन आल्यावर, चतुर्थीच्या विसर्जनानंतर आणि थंडीत. गाळही तपासावा. मासे तीन प्रकारचे द्यावेत, दुसरे मासे खाणारी मरळ, गाळात चरणारा मांगूर आणि तिलापिया, आणि त्यांत शिसं, कॅडमियम, पारा पाहावा. निकाल सभेत वाचून दाखवावा. अर्ज घेऊन आम्ही काकांकडे गेलो, कारण त्यांच्या सहीशिवाय तो द्यायचा नाही असं आमचं ठरलं होतं.

काकांनी ऐकून घेतलं. काकी आत जाऊन चहा ठेवून आली, चहा झाला, तरी ते बोलेनात. मग म्हणाले, मासे मी धरून देतो, बाजारातून आणू नका. कुठल्या खळग्यात कुठला मासा जुना आहे ते मला माहीत आहे, आणि तपासायचाच तर जुना तपासा, कोवळा नको. नमुन्याला होडी माझीच न्या, मी असल्याशिवाय बाटली बुडवायची नाही. आणि एक वाक्य यात घाला, की निकाल काही आला तरी तळ्यावर बंदी घालण्याआधी रात्रीचा टँकर कुठून येतो ते पंचायतीने शोधून काढावं. पुतणीने ते शेवटी, सहाव्या कलमात लिहिलं. काकांनी चष्मा मागवला, अर्ज पहिल्यापासून वाचला, आणि सहावं कलम एक नंबरवर आणल्यावर सही केली.